‘असावयास हवे होते’ या तीन शब्दांसाठी आभार

आदरणीय साहेब,
स. न. वि. वि.

हे पत्र कोणालाही वाचता यावे म्हणून मी उघडपणे लिहिते आहे, तरी त्यात आपले नाव किंवा आपल्या नगरपरिषदेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. नागरिकाला कागद दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याचीच पुढे चौकशी लागते, हे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. पत्र आपल्यासाठी आहे हे आपल्याला तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात कळेल, आणि इतर कोणाला ते कळण्याची आवश्यकता नाही.

माझा प्रश्न साधा होता. आमच्या भागातील जुनी जलवाहिनी बदलण्याचे काम निधीअभावी लांबल्याचे आम्हाला सांगण्यात आले, आणि त्याच महिन्यात त्याच योजनेच्या भूमिपूजनाचे फलक चौकाचौकांत उभे राहिले. त्यांवर योजनेचे नाव बारीक अक्षरांत आणि पदाधिकाऱ्यांचे चेहरे फलकभर होते. त्या फलकांचे, मंडपाचे, चित्रफितीचे आणि वृत्तपत्रांतील पानभर जाहिरातींचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून गेले, आणि ते द्यावेत हे कोणत्या सभेत, कोणाच्या सूचनेवरून ठरले, एवढेच मला विचारायचे होते. हा खर्च कोणी स्वतःच्या खिशातून केला असता तर मी त्या कार्यालयाची पायरीही चढले नसते.

आपल्या आधी त्या खुर्चीवर असलेल्या अधिकाऱ्यांनी माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालील माझ्या पहिल्या अर्जावर एका ओळीत ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर दिले. दुसऱ्या अर्जावर माहिती फार विस्तृत असल्याचे कारण देऊन त्याच कायद्याचे कलम ७(९) पुढे केले. ते कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी याबद्दल आहे, ती नाकारण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी समोरासमोर विचारले की, तुम्हाला हे सगळे कशासाठी हवे आहे? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही, असे मी म्हटले तेव्हा त्यांनी मान वर करूनही पाहिले नाही. आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांनी तर, ‘ताई, शहराचे नाव होते आहे, त्यात तुम्ही कशाला अडथळा आणता?’ असे मलाच समजावले. त्या दिवशी घरी परतताना मला जो अपमान वाटला, तो अजून पुरता शमलेला नाही.

पुढे आपण रुजू झालात आणि अभिलेख पाहण्याची वेळ मला लेखी कळवलीत. त्या दुपारी आपल्यासमोर बसून मी तीन गठ्ठे उलगडले. एका पतसंस्थेत रोकडवही लिहिण्यात माझे सारे नोकरीचे आयुष्य गेले, त्यामुळे आकडे मला घाबरवत नाहीत. परंतु नगरपरिषदेत प्रसिद्धीचा खर्च ‘प्रसिद्धी’ या नावाखाली एका जागी कधीच सापडत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा समजले. मंडप आणि ध्वनिक्षेपक एका शीर्षाखाली, छायाचित्रण दुसऱ्या, फलकांची छपाई पाणीपुरवठ्याच्या किरकोळ खर्चात आणि जाहिरातींची देयके आणखी कुठे तरी, असा तो विखुरलेला असतो. अंदाजपत्रकातील एकच ओळ पाहून समाधान मानणाऱ्या नागरिकाला आणि सर्वसाधारण सभेत हात वर करणाऱ्या सदस्यालाही खरी बेरीज कधी दिसतच नाही. ती बेरीज मी प्रथमच मांडली आणि आपण शेजारी बसून ती तपासून दिलीत.

आपण माझी चूकही दाखवलीत, याचे मोल मला फार वाटते. मी जाहिरातींचा सगळाच खर्च उधळपट्टी म्हणून एका स्तंभात लिहीत होते. आपण त्यातील काही देयके बाजूला काढून म्हणालात की, विकास आराखड्याच्या प्रारूपावर हरकती मागवणारी सूचना कायद्यानेच प्रसिद्ध करावी लागते, निविदा सूचनाही द्यावीच लागते, आणि पाणी बंद राहणार असेल तर लोकांना ते आधी कळायलाच हवे. तो स्तंभ मी तिथेच खोडला. नगरपरिषदेने बोलू नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते. तिने नागरिकाच्या उपयोगाचे बोलावे आणि त्याचा हिशेब ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ च्या निर्णयात शासकीय जाहिरातींबद्दल हेच सूत्र धरले होते. जाहिरात शासनाच्या जबाबदारीशी निगडित आणि वस्तुनिष्ठ असावी, ती सत्तेवरील पक्षाचे हित साधणारी नसावी, आणि खर्च वाजवी असावा, असे त्याचे सार आहे. कोणाची छायाचित्रे छापता येतील याची यादी न्यायालयाने १८ मार्च २०१६ रोजी वाढवली, तेव्हा तीत राज्यपाल, मुख्यमंत्री आणि खात्याचे मंत्री आले. त्या यादीत नगराध्यक्ष नाहीत आणि विषय समित्यांचे सभापतीही नाहीत.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, तिच्याकडे येते.

तिसऱ्या गठ्ठ्यात रोकडवहीतील एका मोठ्या नोंदीसमोर प्रमाणकाचा, म्हणजे खर्चाच्या व्हाउचरचा, क्रमांक होता, पण त्या क्रमांकाचे प्रमाणक नस्तीत, म्हणजे फाइलीत, नव्हते. त्याच्या आधीचे होते, नंतरचेही होते. मी पाने दोनदा उलटून पाहिली, मग आपण पाहिलीत, मग लिपिकाला बोलावून कपाट उघडायला लावलेत. ते सापडले नाही. पुढे काय होणार, हे मला अनुभवाने माहीत होते. ‘शोधून कळवतो’ असे म्हटले जाईल, मी घरी जाईन, आणि काही महिन्यांनी त्या नोंदीचा विषयच कोणाला आठवणार नाही. आपण तसे केले नाही. टेबलावरचा कागद ओढलात आणि स्वतःच्या हाताने लिहिलेत: ‘सदर प्रमाणक आज नस्तीत आढळून आले नाही. रोकडवहीतील नोंद पाहता ते असावयास हवे होते.’ खाली सही केलीत, दिनांक घातलात, शिक्का उमटवून त्याची प्रत माझ्या हातात दिलीत.

पहिल्या अधिकाऱ्यांनीही ‘नाही’ असेच लिहिले होते. त्या ‘नाही’ने माझ्यासमोर दार लावून घेतले होते, जणू तो कागद कधी नव्हताच आणि तो मागणारी मीच चुकीची होते. आपल्या दुसऱ्या वाक्यामुळे प्रश्न माझ्या अंगावरून निघून ज्यांनी तो खर्च मंजूर केला त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. पैसे गेल्याची नोंद आहे आणि ते कोणाच्या आदेशाने, कोणत्या कामासाठी गेले हे सांगणारा कागद नाही, हे आता मी म्हणत नसून कार्यालयच म्हणत होते. ‘असावयास हवे होते’ हे तीन शब्द आपण लिहिले नसते तरी आपल्याला कोणी दोष दिला नसता. लिहिल्यामुळे मात्र आपल्याला वरच्यांची नाराजी ओढवून घ्यावी लागली असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. सही करताना आपण क्षणभर थांबला होतात, तेही मी पाहिले होते.

माहितीच्या अधिकाराची लढाई अशाच कागदांवरून उभी राहिली, हे मला त्या संध्याकाळी पुन्हा आठवले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन हजेरीपट आणि देयके गावासमोर मोठ्याने वाचली. १९९६ मध्ये ब्यावरला त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले, तेही अशा कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणूनच. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये कायदा झाला. पण कायदा झाला तरी तो कागद शेवटी कोणा एका माणसाला कपाटातून काढून टेबलावर ठेवावा लागतो, आणि कागद नसेल तर तो नाही असे सांगावे लागते. असे सरळ वागणारी माणसे प्रत्येक कार्यालयात असतात. त्यांची छायाचित्रे कोणत्याही फलकावर लागत नाहीत, त्यांच्या वाट्याला बहुधा अडगळीचे टेबल येते, आणि तरीही संस्थेची अब्रू सांभाळली जाते ती त्यांच्यामुळे. गेल्या दोन वर्षांत पदाधिकाऱ्यांच्या तोंडून मी ‘पारदर्शक कारभार’ हे शब्द पुष्कळदा ऐकले. ते प्रत्यक्षात घडताना मी एकदाच पाहिले, ते आपल्या टेबलाशी.

स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाकडे मी आता रीतसर अर्ज दिला आहे. त्याला आपल्या टिपणीची प्रत पहिले जोडपत्र म्हणून लावली आहे. या पत्रात आपले नाव नाही, पण त्या जोडपत्रावर आपली सही जशीच्या तशी ठेवावी लागली, कारण तिच्याशिवाय त्या दोन वाक्यांना वजन उरले नसते. त्याबद्दल आपली आगाऊ परवानगी घ्यायला मी आले होते. आपण अर्ज वाचलात, बेरीज पुन्हा एकदा तपासलीत, आणि माझ्याकडून एका देयकाची तारीख चुकली होती ती दुरुस्त करून अर्ज परत दिलात.

आपली कृतज्ञ,
आपल्याच शहरातील एक करदाती