‘वासा’पाशी आमच्यासाठी थांबलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात स्टॉकहोमच्या, ‘वासा’ या जुन्या स्वीडिश युद्धजहाजाच्या संग्रहालयात चाकाच्या खुर्चीतल्या माझ्या वडिलांचा मराठी प्रश्न कानी पडताच तुम्ही आपल्या पाहुण्यांना पुढे पाठवून आमच्याजवळ दोन तास थांबलात. तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

बाबांनी मालवणात चाळीस वर्षे होड्या बांधल्या. तिथल्या पाट्या मी वाचून दाखवत होतो, पण जहाजाच्या बांधणीतले मला काही कळत नव्हते. ६४ तोफांचे हे जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीवर निघाले आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरून बुडाले, हे तुम्ही सांगताच बाबा म्हणाले, “वर भार जास्त, खाली नीरम कमी.” नीरम म्हणजे जहाज स्थिर राहावे म्हणून तळाशी भरलेले वजन; नेमके तेच कारण होते. निघण्याआधी ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली, तेव्हा जहाज इतके डोलले की तिसऱ्या फेरीनंतर ती थांबवावी लागली, आणि तरीही त्याला समुद्रात लोटले, याचे बाबांना आजही वाईट वाटते.

बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारी कीड तिथे जगत नाही, म्हणून ३३३ वर्षांनी, १९६१ मध्ये, जहाज जवळजवळ अखंड वर आले. ओले लाकूड वाळताना तडकू नये यासाठी त्यावर १७ वर्षे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखे रसायन फवारले, हे ऐकल्यावर दर पावसाळ्याआधी होडीला तेल पाजणारे बाबा बराच वेळ त्या काळ्याभोर ओकच्या फळ्यांकडे पाहत राहिले.

मात्र त्यांच्या मनात घर केले ते सुतारांच्या चार मोजपट्ट्यांनी. जहाजात सापडलेल्या त्या पट्ट्यांपैकी दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या, तर दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या होत्या. एकाच जहाजावर सुतार दोन वेगळ्या मापांनी काम करत होते. तुम्ही समजावले नसते तर आम्ही त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो असतो.

घरी परतल्यावर बाबांनी हत्यारांच्या पेटीतून आपल्या दोन्ही जुन्या पट्ट्या काढल्या आणि एकीवर एक ठेवून तपासल्या. त्या जुळल्या, हे तुम्हाला आवर्जून कळवायला त्यांनी सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
मालवणच्या होडीवाल्या बाबांचा मुलगा