पाण्याचा विषय सोडून

कोपरी, ठाणे

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठलास, ते आईला लागलं. मला लागलं ते तू दारात चपला घालताना बोललास ते. "बाबा, ढग आले की तुम्हाला दोन हजार पाचच दिसतं." खरं आहे. म्हणून या पत्रात पाण्याचा विषय काढायचा नाही, असं ठरवून बसलोय.

गॅलरीत तेरडा आपोआप उगवलाय. गेल्या वर्षीचं बी कुंडीत पडलं असणार. आई म्हणते उपटू नका, अनिकेतला दाखवायचाय. माईंचा गुडघा बरा आहे.

पण बेलापूरला तळमजलाच का घेतलास रे? भाडं कमी, कबूल. पण तो भाग मूळचा खाडीचा. भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून ते धारण तलाव केलेत. भरतीला दारं बंद, पावसाचं पाणी तलावात थांबणार, ओहोटी लागली की खाडीत जाणार. आता त्या तलावांत गाळ साचलाय. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले तर पाण्याने जायचं कुठे? निदान ते एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचल. आणि पाण्यातून स्कूटर घालू नकोस.

झालं, काढलाच विषय. चिडू नकोस.

अण्णांचा हिशोब आठवतो? तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. थोडं पुढेमागे होतं, पण मोबाइल नसताना चालायचं. चेंदणी बंदरावर तू सात वर्षांचा असशील, जाळं विणत बसलेल्या काकांना जाऊन सांगितलंस, "आज अष्टमी, सहाला भरती." त्यांनी हसून एक चिंबोरी दिली तुला. नांगी दोऱ्याने बांधलेली. ती तू घरी न आणता खाडीत सोडलीस आणि दोरा तसाच राहिला म्हणून रात्रभर रडलास. हे मी ऑफिसात किती जणांना सांगितलंय!

दोन हजार पाचचं तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. मी कुर्ल्याहून चालत निघालो होतो. कमरेइतकं पाणी. माझ्या पुढे एक मुलगा चालला होता, हातात चपला उंच धरून. बोलता बोलता तो एकदम काखेपर्यंत आत गेला. उघडं गटार. चौघांनी ओढून काढला. चपला सोडल्या नव्हत्या त्याने. पहाटे घरी आलो तेव्हा तू जिन्यात आईच्या मांडीवर झोपला होतास आणि मला त्या मुलाचंच तोंड दिसत होतं. तो तेव्हा तुझ्या आत्ताच्या वयाचा असेल.

म्हणून बोलतो. तू लहान नाहीस, कळतं मला. पहिल्या पगारातून आईला मिक्सर आणलास, मी काही बोललो नाही, पण खोका अजून टाकू दिलेला नाही.

रविवारी ये. ताट पूर्ण जेव.

तुझा,
बाबा

ता. क. परवा आषाढी एकादशी. अकरा पाऊणे सव्वाआठ. तू घरून किती वाजता निघतोस?