दरबाराबाहेरची ऐतिहासिक कादंबरी

संपादक महोदय,

ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. मराठी ऐतिहासिक कादंबरी दरबार, रणांगण आणि अंतःपुर सोडून फारशी कुठे जात नाही, याचा उल्लेख त्यात हवा होता. माणसे एकत्र बसून निर्णय घ्यायला कधी आणि कशी लागली, हा विषय तिने जवळपास टाळलाच आहे.

इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिसने लोकशाहीची घडी बसवताना ग्रीसमधील अथेन्सच्या नागरिकांची दहा गटांत नवी विभागणी केली, हे पाठ्यपुस्तकात मिळते. पण तिथल्याच अक्रोपोलिस टेकडीच्या उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लिस या अथेनी नेत्याचे नाव कोरलेली सुमारे १९० खापरे सापडली आणि ती सारी अवघ्या चौदा-एक जणांच्या हस्ताक्षरांतली निघाली, यात खरी कादंबरी दडलेली आहे. ज्याला हद्दपार करायचे त्याचे नाव नागरिकाने खापरावर लिहायचे, अशी ती रीत होती. इथे मात्र कोणीतरी तयार खापरे वाटण्यासाठी लिहून ठेवलेली दिसतात. (निवडणुकीच्या हंगामात आपल्याला याचे नवल वाटू नये.) ते आयते खापर घेणारा निरक्षर शेतकरी, मताचा अधिकारच नसलेली त्याची बायको आणि घरातला गुलाम यांच्या मनात काय चालले असेल, हे कादंबरीकारच सांगू शकतो.

असा ऐवज आपल्या नाशिकातही आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने जवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे व्यवसाय-संघाकडे) दोन हजार कार्षापण नाणी दरमहा शेकडा एक व्याजाने, तर दुसरीकडे एक हजार पाऊण टक्क्याने कायमचे ठेवले आणि ही देणगी निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवून तिची रीतसर नोंद करवली. राजाच्या जावयालाही सभेपुढे जावे लागले, या एका वाक्यावर आख्खे प्रकरण उभे राहील. दोन श्रेण्यांचे व्याजदर वेगळे का, सभेत कोणी हरकत घेतली का, विणकरांच्या बायकांना त्याची वार्ता कशी लागली, यावर शिलालेख गप्प आहे.

अर्थात, या सभेला आजच्या संसदेचा पोशाख चढवून ‘लोकशाही मुळात आमचीच’ असा डंका पिटणारी कादंबरी नको. निगमसभा बहुधा व्यापारी आणि प्रतिष्ठितांचीच असावी, आणि तिच्या दाराबाहेर उभे असलेले लोक ज्या कथेत दिसतील तीच मला वाचावीशी वाटेल. आपल्या दिवाळी अंकासाठी अशी एखादी कथा मागवावी, ही विनंती.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक