विजय तेंडुलकर यांच्या नाट्यलेखनावरील चर्चेबाबत सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या वाचनकक्षात विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या जीवनावर व नाट्यलेखनावर चर्चा होईल. त्यांना १९८४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मात्र सन्मानांच्या यादीपेक्षा त्यांच्या नाटकांतली अस्वस्थता समजून घेणे अधिक मोलाचे असल्याने बहुतेक वेळ संहितांनाच दिला जाईल.

१. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सर्वांनी पूर्ण वाचून यावे. खेळ म्हणून सुरू झालेला खटला लीला बेणारेच्या खाजगी आयुष्यावर कसा घसरतो, हे दाखवणारे संवाद टिपून आणावेत; चर्चेचा गाभा तोच असेल.

२. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही १९७२ मध्ये रंगमंचावर आलेली, प्रखर विरोध सोसलेली नाटके आहेत. मतभेद जरूर मांडावेत, परंतु नाटक न वाचता त्यावर मत देऊ नये, ही आग्रहाची विनंती.

३. अभिवाचन करू इच्छिणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत चिटणीसांकडे नाव द्यावे.

ग्रंथालयातील प्रती मोजक्या असल्याने त्या शुक्रवारी परत कराव्यात आणि खुणा पुस्तकात न करता वहीत कराव्यात.

– चिटणीस