आई, तुझी प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही

पुणे

तीर्थस्वरूप आई आणि नाना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "माझंच शरीर माझ्यावर उठलं, असं कोणतं पाप केलं मी?" घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. त्यात वहिनीकडून कळलं, की नाना, तुम्ही फैजपूरहून प्रतिकारशक्ती वाढवणारा गुळवेलीचा काढा आणलाय आणि आईची आमवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बंद करायच्या विचारात आहात. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघांनी सोबत बसून वाचा. गोळी मात्र तोवर बंद करू नका.

आई, पाप वगैरे काही नाही. थंड पाण्यात हात घातल्यानं किंवा आंबट खाल्ल्यानं हा आमवात होत नाही. सोडलेलं ताक पुन्हा सुरू कर. हा आजार कुणाला होईल यात थोडा वाटा जन्मतः मिळालेल्या जनुकांचा असतो, थोडा बाहेरच्या गोष्टींचा. कुणा एका कारणावर बोट ठेवता येत नाही, मग तू स्वतःवर का ठेवतेस?

आपल्या रक्तात टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीला एखादीच खूण ओळखता येते, आणि ती कोणती हे जवळजवळ नशिबावर ठरतं. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला ठाऊक नसतं, म्हणून ते लाखो तऱ्हांच्या पेशी बनवून ठेवतं. त्यात काही पेशी आपल्याच सांध्याला, आपल्याच थायरॉइडला ओळखणाऱ्या निघणारच. हे माझ्या शरीरातही होतं, नानांच्याही.

त्यांना आवरण्याची पहिली जागा म्हणजे छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी. तिथे नव्या पेशींना शरीरातल्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होतं, पण थायमसही ते थोडंसं बनवते, निव्वळ ओळख करून देण्यासाठी. डोळ्यातल्या प्रथिनाचंही तसंच. जी पेशी आपल्याच प्रथिनाला घट्ट धरते, तिला बहुधा तिथेच संपवलं जातं. बहुतेक पेशी या ग्रंथीतून जिवंत बाहेर पडतच नाहीत.

तरी काही निसटतात. मग त्या गप्प कशा राहतात? या प्रश्नावर जपानच्या शिमोन साकागुची यांनी वर्षानुवर्षं काम केलं. जन्मल्यावर तीन दिवसांनी उंदरांची थायमस काढली, की त्यांच्या शरीरात स्वतःच्याच अवयवांवर हल्ला सुरू व्हायचा. निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या, की तो टळायचा. म्हणजे टी पेशींमध्येच कुणीतरी इतरांना थोपवणारं होतं. अशा पेशींच्या कल्पनेवरून तेव्हा बहुतेकांचा विश्वास उडालेला होता. साकागुचींनी तो धागा सोडला नाही आणि 1995 मध्ये त्या पेशी दाखवून दिल्या. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात.

तिकडे अमेरिकेत 1940 च्या दशकात एका प्रयोगशाळेत काही नर उंदीर खवलेदार कातडीचे, सुजलेल्या प्लीहेचे जन्मले होते. ते थोडेच आठवडे जगत. त्यांच्या टी पेशी त्यांचंच शरीर पोखरत होत्या. मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या उंदरांतलं बिघडलेलं जनुक शोधायचं ठरवलं. तपासता तपासता संशयातली जनुकं वीस उरली, आणि दोष सापडला तो विसाव्यात. हे 2001 सालचं. फॉक्सपी3 नावाचं हे जनुक माणसाच्या बाळात बिघडलं तरी असाच भयंकर आजार होतो, हेही तेव्हाच कळलं. नियामक पेशी घडवणारं जनुक हेच, हे पुढे 2003 मध्ये स्पष्ट झालं. या तिघांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आई, याच पेशींबद्दल एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे. मी तुझ्या पोटात होते तेव्हा माझी निम्मी जनुकं नानांची होती, तुझ्या शरीराला परकी. तरी तुझ्या शरीरानं मला बाहेर काढलं नाही. गरोदरपणात या नियामक पेशी वाढतात, आणि आईनं बाळाला सांभाळून घेण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ते सगळं ज्या शरीरानं केलं त्याला वैरी म्हणू नकोस.

आज तुझ्या मनगटांत आणि बोटांच्या मुळाशी जे चाललंय, तिथे हा आवर कमी पडतोय. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारचं हाड खायला लागतं. सकाळी चहाच्या कपाभोवती तुझी बोटं मिटत नाहीत, उन्हं वर आली की सैल होतात, ती याच सुजेमुळे. मांडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, थेट कोपरापर्यंत मोठा करून खापरावर टाकणारे तुझे हात मी पाहिलेत. ते तसेच राहावेत म्हणूनच ही गोळी. दुखणं थांबवायची गोळी फक्त दुखणं दाबते, हाडाची झीज थांबवत नाही. ती झीज रोखायचं काम मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे तुझ्या या आठवड्याच्या गोळीचं आहे.

नाना, आता तुमच्याशी. तुमची काळजी मला समजते. पण आईची प्रतिकारशक्ती अशक्त नाही, ती आवराबाहेर गेलीय. बैल भडकला तर तुम्ही त्याला आणखी सरकी चारत नाही, आधी कासरा ओढता. तसंच हे आहे. गोळीनं जंतूंशी लढायची ताकद थोडी कमी होऊ शकते, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. म्हणून ताप आला, खोकला लांबला, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, अंगावर काढायचं नाही.

काढा मात्र नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण आईच्या गोळीचाही यकृतावर ताण येऊ शकतो, आणि तिचा आजार प्रतिकारशक्ती चेतवल्यानं भडकू शकतो. असं असताना तिच्यावर हा प्रयोग मला नको. तुम्ही प्रेमानं आणलात, तरीही नको.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती पाकिटं बीपीच्या गोळ्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि कॅलेंडरवर त्या वाराला खूण करा. फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात, त्यामुळे आत्ताच 'काही फरक नाही' म्हणू नका. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. जळगावला जाताना वहिनीला सोबत न्या, आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला लिहून घेऊ द्या.

आखाजीला मी येतेय. रिपोर्ट त्याआधी आले तर फोटो काढून पाठवा. काढ्याच्या बाटलीवरच्या लेबलाचाही पाठवा. आईनं तो किती दिवस घेतला हे डॉक्टरांना सांगावं लागेल.

तुमची लेक