पिंपाच्या भावाचा भागाकार

संपादक महोदय,

कच्च्या तेलाचा भाव उतरला की पेट्रोलच्या दराचे हिशेब मांडणाऱ्या बातम्या येतात, पण त्यांत शुद्धीकरणाची बाजू एका ओळीत उरकली जाते, हे खटकते. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचे तेल असो वा आखातातून आलेले, प्रत्येक पिंपात, म्हणजे सुमारे १५९ लिटरांत, शेकडो हायड्रोकार्बनांचे, म्हणजे कार्बन व हायड्रोजनच्या संयुगांचे, मिश्रण असते. ते साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडले की ज्यांचा उत्कलनबिंदू कमी, ते घटक वर जातात. चार कार्बनांचे ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळते, आठ कार्बनांच्या सरळ साखळीच्या ऑक्टेनला मात्र १२६ अंश लागतात. येथे रेणू तुटत नाहीत, नुसते वेगळे होतात. जड भागापासून अधिक पेट्रोल हवे असेल, तर उत्प्रेरक वापरून लांब साखळ्या तोडाव्या लागतात आणि त्याचा खर्च निराळा. केरोसीन, डिझेल, डांबर हे सारे त्याच पिंपातले. त्यामुळे पिंपाच्या भावाला १५९ ने भागून पेट्रोलची ‘खरी किंमत’ काढण्याची पद्धत (समाजमाध्यमांवर ती फारच लोकप्रिय आहे) चुकीची ठरते. दरात करांचा वाटा मोठा आहेच. तो मुद्दा आपण स्वतंत्रपणे आणि आकडेवारीसह मांडावा, ही विनंती.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई