आई-बाबा, गाडीचं फुल इंजिन खोललं

प्रिय आई, बाबा,

आई, हे तूच मोठ्यानं वाचून दाखव. बाबांच्या डोळ्याला ताण नको म्हणून फोनवर लिहून पाठवायलेय. आणि खरं सांगायचं तर बोलायला मला जमतच नाही, बाबा नुसतं "हां, बोल माय" म्हणले की माझं अवसानच जातं, मग मी थंडी किती पडली आन् हरभरा कसाय हे विचारून फोन ठेवून देते. चार वेळा असंच झालं.

आधी एक सांगते, गाडी विकलेली नाही. दादा काय म्हणायचं ते म्हणू दे, बुलेट विकायचा विषय माझ्याकडं निघणार नाही. आरसी तुमच्याच नावावर आहे, गोदरेजच्या कपाटात खालच्या खणात, बघून घ्या पाहिजे तर. गाडी इथं माझ्या पार्किंगमध्ये पण नाही, चाचांच्या गॅरेजमध्ये आत, पत्र्याखाली, वर ताडपत्री टाकून आहे. पिकअपमधून आणताना मी स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आले, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, प्रत्येक ठिकाणी उतरून दोऱ्या बघितल्या. टाकीला एक ओरखडा नाही.

पण बाबा, इंजिन खोललं. हाफ म्हणजे नुसतं वरचं हेड-ब्लॉक नाही, फुल.

मला माहितीय तुम्ही आता गप्प झाला असाल. "खालचं इंजिन आजवर कुणाला हात लावू दिला नाही" हे तुम्ही पाहुण्यारावळ्यांना किती अभिमानानं सांगता ते मला पाठ आहे. किल्लारीच्या वेळी ९३ साली, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले आणि पहाटे जमीन हलली, तुम्ही उजाडताच मागं बिस्किटाचे पुडे आन् सतरंज्या बांधून लातूरमार्गे गेलात, आठ दिवस त्या रस्त्यावर ये-जा केली तरी खालून आवाज आला नाही. त्या इंजिनाचे दोन भाग मी तुम्हाला न विचारता वेगळे केले. सर्व्हिसिंगला नेते म्हणले ते पण खोटं होतं, आणि नेली ती नेमकी तुमच्या डोळ्यावर पट्टी असताना. गेटचा आवाज ऐकून तुम्ही आतून "कोण हाय?" विचारलं, मी म्हणलं दूधवाला. आई, तूही गप्प बसलीस त्याबद्दल तुला बोल लागायला नको, मीच तुला शपथ घातली होती.

का केलं ते ऐका. तो जो टिक टिक आवाज यायलाय म्हणत होतात ना दिवाळीनंतर, तो टॅपेटचा नव्हता. पिस्टनच्या पिनचं लॉक आत पडलेलं होतं. नखाएवढी पोलादी कडी, तीही अर्धवट गोल, पण दोन फ्लायव्हीलच्या फटीत ती गेली की काय होतं ते तुम्हीच मला शिकवलंय. तुकडा तेलाच्या वाटेनं पंपात गेला तर पंप अडकणार, पंप फिरवणाऱ्या वर्मचे दाते जाणार, वर तेल चढायचं बंद, आणि मग चालत्या गाडीत पिस्टन धरणार, मागचं चाक जाम. परळी रोडला आता उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते रात्रंदिवस. मला झोप लागत नव्हती बाबा, उगी नाटक नाही करत.

चाचा म्हणजे सिटी चौकाकडच्या गल्लीतले, सत्तरीचे आहेत, तुमच्याएवढेच. गिअर उजवीकडं असलेल्या जुन्या बुलेट त्यांनी जन्मभर केल्यात. आधी आम्ही फुल खोलायचं टाळलंच. हेड आणि ब्लॉक काढून क्रँक केसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तोंडातून चुंबकाची पेन घातली, चाचा फ्लायव्हील बोटभर फिरवायचे, थांबायचे, परत पेन. मी घाई केली की म्हणायचे "नक्को बेटा, जबरदस्ती नक्को." दुसऱ्या दिवशी एक तुकडा चिकटून आला. म्हणजे लॉक मोडलं होतं. मग मी कंपनीतनं मोबाईलला लावायचा तो छोटा कॅमेरा आणला, वायरीच्या टोकाला असतो, आत दिवा पण असतो, त्यात खाली काळ्या गाळात दुसरा तुकडा दिसला. डिझेल ओतून हलवून तारेला चुंबक बांधून तोही निघाला. चाचा खूश, म्हणले झालं, बंद करू.

पण मी दोन्ही तुकडे नव्या लॉकवर ठेवून बघितले, जोडून. मधे फट राहत होती, तांदळाच्या कणीएवढी. व्हर्नियर लावला, ४ मिलीमीटर कमी. तिथं मला आठवीतली ती संध्याकाळ आठवली, वृत्तचितीचं घनफळ येत नव्हतं म्हणून मी रडत होते आन् तुम्ही मला गाडीजवळ नेऊन म्हणलात, बोअर ७०, स्ट्रोक ९०, काढ. साडेतीनचा वर्ग गुणिले नऊ गुणिले २२ छेद ७. माझं ३४६.५ आलं, पुस्तिकेत ३४६ सीसी. मी म्हणलं बरोबर आलं, आणि तुम्ही म्हणलात "अर्धा कुठं गेला? शिल्लक राहिलं की विचारायचं, सोडून नाही द्यायचं." तो अर्धा थोडा २२ छेद ७ मुळं आन् बाकी पुस्तिकेत पूर्ण आकडा छापल्यामुळं होता हे मला कॉलेजात कळलं, पण आज कंपनीत क्वालिटीत बसून मी पगार घेते तो त्या अर्ध्याचाच.

म्हणून फुल खोललं. चेनकेस, क्लच, ती वर्मची नट, उलटे आटे आहेत म्हणून चाचांनी आधीच हात धरला माझा, सगळं क्रमानं जुन्या चादरीवर मांडलं, प्रत्येकाचा फोटो आहे. केस उघडली आणि तिसरी कणी तेल परत जायच्या भोकाच्या अगदी तोंडाशी गाळात रुतलेली. जरा अजून चालली असती की आतच. फ्लायव्हीलच्या कडेला एक ओरखडा आहे, बाकी बिग एंड चांगलं आहे, चाचा म्हणले गाडी कुणीतरी जपून चालवलीय. हे मी त्यांना काही न सांगता म्हणले हं.

आता अवघड गोष्ट. गाडी मी परत पाठवणार नाहीये. इथंच राहील, माझ्याजवळ. रिंगा नव्या आहेत, पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवायची ती मी चालवीन, तुम्ही सांगितल्यासारखी, साठच्या आत. आणि मग येईन की घेऊन, तुम्ही मागं बसा, मी चालवते, योगेश्वरीला जाऊन येऊ. पण किक मारायची नाही बाबा. डिकॉम्पचा खटका दाबून अँमीटरचा काटा मधे आणून हळूच मारतो म्हणाल, तरी नाही. गुडघा तो तसा, त्यात डोळ्याचं ऑपरेशन, जोर लावायचा नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कागदावर लिहून दिलंय तिघा डॉक्टरांनी. चौकापर्यंत जायला स्कूटी बुक केलीय, बटण स्टार्ट, पायात पिशवी ठेवायला जागा, पेपर आणि भाजी आरामात येते. रंग काळाच घेतलाय. नावं ठेवायची नाहीत. एकदा बसून बघा. आणि तीही महिनाभरानंतर, डॉक्टर हो म्हणले तर.

आई, डोळ्याचे थेंब तीन वेळा, दोन बाटल्यांमधे पाच मिनिटं जाऊ दे, काळा चष्मा अंगणात पण. डोक्यावरून पाणी नाही. तुझी बीपीची गोळी सकाळचीच, "आज बरं वाटतंय" म्हणून टाळायची नाही, मला पट्ट्या मोजता येतात. इन्व्हर्टरमधे पाणी टाकायला पोरगा रविवारी येईल, त्याला चहा दे पण गप्पांत अडकवू नको. वेळ अमावस्येला मी दोन दिवस आधी येते, भज्जीची भाजी मी निवडीन, आंबिलाचं तू बघ. येसर संपलाय माझा, तेवढं करून ठेव, जमलं तरच.

आणि बाबा, आता ते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आपण पिस्टन बसवत होतो तेव्हा क्रँक केसच्या तोंडावर फडकं नव्हतं. विहिरीला कठडा तसं तोंडाला फडकं, हे मला पाना धरता येत नव्हता तेव्हापासून माहिती आहे. ते मी काढलं होतं, कंपनीचा फोन आला म्हणून हात पुसायला, आणि परत ठेवलं नाही. तुमच्या हातातली पक्कड सटकली, लॉक उडालं, तुम्हाला मोतीबिंदूमुळं दिसलं नाही आणि तुम्ही मला विचारलंत, "अंगणात गेलं का ग?" मी आतून टिण्ण आवाज ऐकला होता. स्पष्ट. मी म्हणलं हो, बहुतेक. सकाळी सहाची बस होती, ऑडिट होतं, आत पडलं म्हणलं असतं तर पूर्ण दिवस गेला असता. एवढ्यासाठी. मग तुम्ही दोरीला स्पीकरचं चुंबक बांधून दिवेलागणीपर्यंत अंगण ओढत बसलात, त्या गुडघ्यानं, आईनं तुळशीची माती चाळली आणि मी शेजारी उभी राहून टॉर्च धरला. नवं लॉक लावून ब्लॉक मीच बसवला.

तुमच्या हातानं पडलं असं तुम्ही शेजारच्या काकांना सांगितलंत म्हणे, "आता हात थरथरतो." हात नाही थरथरला बाबा. फडकं असतं तर ते लॉक फडक्यावर पडलं असतं.

तिन्ही तुकडे गोळ्यांच्या डबीत घालून आणते, मोजून घ्या. आणि काल आई म्हणाली, डोळ्यावरची पट्टी सुटल्या सुटल्या तुम्ही परत दोरी घेऊन अंगणात उतरलात, आणि ती ओरडली तर म्हणलात मनी म्हणली ना अंगणात, मग इथंच असणार. वाकू नका. ते चुंबक खुंटीला लावून ठेवा. अंगणात काही पडलेलं नाही.

तुमची,
मनी